उजव्या बाहीचं बटण

आधीच सांगते, भूत, आत्मा वगैरे ऐकलं की मला हसू येतं. पिंडाला कावळा शिवेना म्हणून ताटकळलेल्या नातेवाइकांना ‘जेवून घ्या आता’ म्हणणारी बाई मी. तरीही हे लिहितेय... कारण पोटात राहत नाही.

मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. माझ्या आधी निकम काका होते. त्यांची पद्धत साधी – पुस्तक ज्या क्रमानं आलं त्या क्रमानं रॅकवर. म्हणजे शेतीशेजारी नाटक, नाटकाशेजारी पाककृती! पण काकांना सगळं पाठ. रिटायर झाल्यावर काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तरी कुठलंही पुस्तक हातानं काढून द्यायचे.

त्यांना रोज काकू घेऊन यायच्या. चारचौघांत नवऱ्याचा हात कसा धरायचा, म्हणून त्यांची उजवी बाही मनगटापाशी चिमटीत धरायच्या. धरायला सोपं जावं म्हणून काका त्या बाहीचं बटण लावायचेच नाहीत. मग खिडकीपाशी बसून काकू पक्ष्यांवरचं एक जुनं पुस्तक त्यांना वाचून दाखवायच्या. मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तरी काका यायचेच. शेजारचा रिक्षावाला दारात सोडायचा, आत आले की त्यांना कुणाची गरज नसायची.

आणि मग नव्या नियमाचं पत्र आलं. सगळी पुस्तकं विषयवार लावायची, प्रत्येकावर नव्या क्रमांकाचं स्टिकर, सॉफ्टवेअरमध्ये नोंद. मी टाळता येईल तितकं टाळलं. शेवटी काकांना सांगितलं.

“म्हंजी आता इथं बी मी आंधळा झालो म्हनायचं,” एवढंच म्हणाले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आठवडाभर वाचनालय बंद ठेवून आम्ही रॅक हलवले. उघडलं त्या दिवशी सकाळी काका आले, दारात थबकले. त्यांना धरून आणायला मी उठले... आणि तिथंच थांबले.

काकांची उजवी बाही पुढं ताणली गेली होती. मनगटापाशी कापड चिमटीत धरल्यासारखं चुणलेलं. काका शांतपणे चालत आले, मधोमध ठेवलेल्या नव्या रॅकला वळसा घातला, डावीकडं वळले आणि हात वर करून पक्ष्यांचं पुस्तक काढलं. ते मी आदल्या संध्याकाळी स्वतः तिथं ठेवलं होतं. जागा दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती.

“काका, थांबा, मी येते,” मी म्हणाले.

“राहू दे पोरी. ही हाय की.”

दोनेक आठवडे रोज हेच. मी पंखा बंद करून पाहिला, दार लावून पाहिलं. बाही ताणलेलीच. भीती नाही वाटली मला, काकूंची कसली भीती! काकांचा चेहरा मात्र इतका उजळलेला असायचा की बघताना रडू यायचं.

मग एक दिवस ते दारातून आत आले आणि अर्ध्या वाटेत थांबले. बाही सैल लोंबत होती.

“काय झालं काका?”

“गेली गं. मला पाठ झालं ना समदं... आता कशाला ऱ्हाईल ती?”

त्यानंतर बाही कधी ताणली गेली नाही. माझा डॉक्टर भाऊ म्हणतो, अंध माणसाचे कान तीक्ष्ण असतात, बाकीचा तुझा भास. असेल. पण कानांनी बाही ताणली जात नाही.

काका अजून येतात. कुठं न अडखळता पुस्तक काढतात, खिडकीपाशी बसतात. सवड असली की मी दोन पानं वाचून दाखवते. परवा वाचता वाचता त्यांनी मला थांबवलं.

“पोरी, ही पुस्तकं परत कवा हलवायची?”

“आता नाही हलवायची, काका. ही पद्धत कायमची आहे.”

“बरं,” म्हणाले.

उजव्या बाहीचं बटण मात्र ते अजून लावत नाहीत.