गाडीपुढे उभे राहिलेले पास्टर

आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर गाडी सुरू करण्याआधी स्टिअरिंगवर कपाळ टेकवून प्रार्थना करायचे. ते पाहून मला वाटायचं, ड्रायव्हरलाच देवाची एवढी गरज लागते, तर आपलं काय? मी नंदुरबारहून नुकतीच सिल्वासाला आले होते. किलवणी गावातल्या खोलीवरून दादऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. बसमधले सगळे त्यांना पास्टर म्हणायचे, पण ते काही पाळक नव्हते. नवापूरकडचे साधे ख्रिस्ती गृहस्थ. रविवारी चर्चमध्ये सतरंज्या अंथरायचे, तेवढंच.

आणि भारी भित्रे होते. समोरून ट्रेलर आला की गाडी पार कडेला घ्यायचे. बसच्या ठेकेदाराचा फोन आला की उभं राहून बोलायचे. मागून कुणीतरी ओरडायचं, "पास्टर, भगाव ना." ते वेग वाढवायचे नाहीत. एकदा मी पुढच्या सीटवर बसले होते, तेव्हा विचारलं, "भाऊ, इतकी प्रार्थना करता, तरी भीती वाटते?"

"वाटते ना, ताई," ते म्हणाले. "भीती काढ, असं मी देवाला कुठे म्हणतो? ती असली तरी बरोबर ते माझ्या हातून होऊ दे, एवढंच मागतो."

एका आठवड्यात ब्रेक दाबला की त्यांचा पाय खोल जायला लागला. त्यांनी ठेकेदाराला दोनदा सांगितलं. "चालेल दिवाळीपर्यंत," असं उत्तर मिळालं. तिसऱ्या सकाळी आम्ही सगळे बसलो, तेव्हा त्यांनी किल्ली काढून खिशात टाकली. "आज मी गाडी काढत नाही. वाटेतल्या पुलाच्या उतारावर ही थांबणार नाही."

बसमध्ये गलका उठला. शिफ्ट चुकली की दिवसाचा पगार बुडणार. मी तर नवी. एका खाड्यावर माझं नाव कटलं असतं. आधी ओरडले ती मीच. "आमच्या पोटावर कशाला पाय देता?" पास्टर खाली उतरले.

थोड्या वेळाने ठेकेदार दुसरी किल्ली आणि दुसरा ड्रायव्हर घेऊन आला. इंजिन सुरू झालं. तेव्हा पास्टर चालत गाडीच्या पुढे गेले आणि उभे राहिले. ठेकेदाराने कॉलर धरून त्यांना बाजूला ओढलं. ते परत येऊन उभे राहिले. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. ओठ पांढरे पडले होते. "मारा साहेब," ते म्हणाले, "पण आत माणसं आहेत."

ठेकेदार ड्रायव्हरला म्हणाला, "ले ले आगे. हटेल आपोआप."

त्यांना नुसतं घाबरवायचं म्हणून ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली आणि लगेच ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. त्याने पुन्हा पुन्हा पाय आपटला, मग हँडब्रेक ओढला. गाडी थांबली ती पास्टरांच्या छातीला टेकून. त्यांनी डोळे मिटले होते, पण जागा सोडली नव्हती.

नवा ड्रायव्हर घामाने भिजला होता. "ब्रेकच नाही याला," तो म्हणाला आणि उतरून निघून गेला. आम्हीही एकेक करून खाली आलो.

ठेकेदाराने गाडी दुरुस्त केली, आणि पास्टरांना काढून टाकलं. गलोंडा गावातली त्यांची खोली शोधत मी माफी मागायला गेले, तेव्हा नवराबायको सामान बांधत होते. बायको म्हणाली, "त्या दिवसापासून झोपेत दचकतात. बाहेर हॉर्न वाजला तरी उठून बसतात."

मी म्हटलं, "भाऊ, मी तुमच्यावर ओरडले."

"तुम्ही घाबरला होता. मीही घाबरलो होतो." गाठ मारता मारता ते थांबले. "अजून एकदा गाडी पुढे आली असती, तर मी तिथे उभा राहिलो असतो का, ते मलाच ठाऊक नाही, ताई."

ते नवापूरला परत गेले. पुन्हा भेट झाली नाही.

गेल्या महिन्यात आमच्या पॅकिंग खात्यात, आग लागली तर बाहेर पडायच्या दारापुढे खोक्यांची थप्पी लावून ठेवली होती. रोज सगळे बघत होते. एका सकाळी मी सुपरवायझरकडे गेले. भीती वाटत होती, तरी म्हटलं, "दारापुढची खोकी हलवा." तो म्हणाला, "तुला काय करायचंय? जा, काम कर."

मी गेले नाही. शेवटचं खोकं हलेपर्यंत तिथेच उभी राहिले.