पुढची चाकं

चाकांना दगड लावून माझी नात मुक्ता पिकअपखाली शिरलीय आणि मी आत बसून चारही चाकं जोडायचं बटण फिरवतेय. चिखलाच्या चढावर मागची चाकं गरगर फिरतात, पुढची ढिम्म! मागे झेंडू भरलाय. बाजार उठायच्या आत पोचायला हवा.

“आजी, बटणाजवळचा दिवा काय म्हणतोय?”

“डोळे मिचकावतोय मेला!”

“म्हणजे हुकूम निघाला, पण पुढं कुणी ऐकला नाही.”

मला हसूच फुटलं. विशीतली मी अशीच! सासूबाई काही म्हणाल्या की पापण्या फडफडवत ‘हो, हो’ करायची आणि जागची हलायची नाही. वर स्वतःला फार हुशार समजायची, येडी कुठली!

“सापडलं!” मुक्ता ओरडली. हवेच्या ओढीनं पुढची चाकं जोडणारी, पुढच्या ॲक्सलकडे जाणारी रबरी नळी टोकाला चिरली होती. तिनं चिरलेलं टोक कापून नळी पुन्हा घट्ट बसवली. “फिरव आता!”

फिरवलं. पायाखाली ‘टक’ झालं आणि दिवा शहाण्यासारखा स्थिर राहिला! मुक्तानं दगड काढले, स्टिअरिंग धरलं. पुढच्या चाकांनी चिखलात नखं रोवली आणि गाडी चढू लागली.

“आजी, आत नीट बस हं!”

“हो, हो,” म्हटलं, आणि काच खाली करून अर्धी बाहेर वाकले. पुढची चाकं बघायची होती ना!