विहिरीवरच्या इंजिनाचं तेल
यवत सोडलं आणि भर उन्हात दिराची फटफटी किंचाळून जागीच जाम झाली. आमच्या दोघांच्या मध्ये कळा देत बसलेली माझी जाऊ एवढंच म्हणाली, “आक्का, आता वं?” मूल पायाळू होतं, सुईणीने हात टेकले होते, म्हणून तिला दौंडच्या दवाखान्यात नेत होतो. फटफटीचं तेल बदल, असं माझे मालक दिराला पाडव्यापासून सांगत होते. दीर हसायचा, “दादा, हिचे कशाला लाड? विहिरीवरचं इंजिन ह्याच तेलावर वरीसभर पळतंय की!” आणि त्या इंजिनातलं काळं तेल धोतराच्या फडक्यातून गाळून फटफटीत ओतायचा. बैलगाडी मिळेपर्यंत बाभळीखालीच बाळंतपण झालं. जळक्या तेलाचा वास आला की अजून तिचा तो प्रश्न ऐकू येतो. जाऊ तिथेच गेली. मुलगी जगली.