हिममानव पडला तेव्हा

माझा धाकटा भाऊ त्या संध्याकाळी पडला, की त्याने पडण्याचे सोंग केले, या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास घेतले आहे. प्रश्न साधा दिसतो. पण ज्यांनी त्याला पडताना पाहिले त्या सर्वांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांची साक्ष कशी तपासावी, हे मला अध्यापक विद्यालयात कोणी शिकवले नव्हते.

आम्ही मूळचे नरडाण्याकडचे. आई गावीच राहत असे. मी जळगावच्या एका प्राथमिक शाळेत शिकवीत होते आणि मेहरूणमध्ये दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होते. भाऊ धुळ्याला एका चित्रपटगृहात डोअरकीपर होता. तिकीट फाडणे, बॅटरीच्या उजेडात माणसाला खुर्चीपर्यंत नेणे आणि मध्यंतरात दारे उघडणे हे त्याचे काम. एका उन्हाळ्यात तिथे परदेशातला, हिंदी आवाज दिलेला एक सिनेमा लागला. बर्फाच्या डोंगरात एक हिममानव राहतो, गिर्यारोहकांचा दोर तोडतो आणि शेवटी मरतो, एवढीच गोष्ट. धुळ्याच्या उन्हात लोक बर्फ पाहायला आले आणि सिनेमा कितीतरी आठवडे चालला. भावाने तो रोज चारही खेळ पाहिला. हिममानवाची चाल त्याने अशी उचलली की गावी आला म्हणजे गल्लीतली पोरे त्याला घेरून म्हणत, "भाऊ, चाली दखाड ना!" मग तो खांदे पुढे टाकून, हात गुडघ्यांपर्यंत लोंबकळत सोडून गल्लीभर चाले.

पुढे घरोघरी केबल आली, ते चित्रपटगृह बंद पडले आणि भाऊ माझ्याकडे जळगावला आला.

त्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास मैदानावर आनंदमेळा लागला. मोठा पाळणा आणि मौत का कुआँ दरवर्षीचेच होते. नवीन होता तो त्याच सिनेमावर बेतलेला बोगदा. पत्र्याचा लांबट मांडव, आत रूळ, रुळांवरून साखळीने ओढले जाणारे चार-चार माणसांचे डबे. बर्फ म्हणून जिनिंग कारखान्यातली टाकाऊ रुई ढिगाने रचलेली होती. ट्यूबलाइटना निळा कागद गुंडाळला होता. वळणावर हिममानव डब्यांसमोर येई, डरकाळी फोडी आणि वर टांगलेला दोर तोडी. मालक परगावचा होता. हिममानवाचे यंत्र कुठूनतरी यायचे होते, ते आले नाही. भाऊ काम शोधत मैदानावर गेला, त्याने मालकाला दहाएक पावले चालून दाखवली आणि यंत्राची जागा त्याला मिळाली.

पोशाख गोणपाटाचा होता आणि त्यावर अंबाडीचे पांढरे तंतू दाट शिवलेले होते. मुखवटा कागदाच्या लगद्याचा, खांद्यांपर्यंत येणारा. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी मेळा सुरू होताना हात लावू देत नसे. भाऊ एका डब्याच्या आणि दुसऱ्याच्या मधल्या वेळात मुखवटा वर उचलून श्वास घेई आणि बाटलीतले पाणी पिई. आत माणूस आहे हे कोणाला सांगायचे नाही, ही मालकाची अट होती. त्यामुळे मेळा उघडण्याआधी भाऊ तिकीटखिडकीजवळच्या बाकावर साध्या कपड्यांत बसे, मी डबा घेऊन जाई, आणि आम्ही दोघे त्या सिनेमाच्या चाहत्यांचे बोलणे ऐकत असू.

चाहते तिघे होते. एक चष्मेवाला डिप्लोमाचा विद्यार्थी, एक टेलर आणि एक औषधांच्या दुकानात काम करणारा तरुण. बसस्थानकाजवळच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात त्याच सिनेमावरचा गेम होता. तिथे खेळून झाले की तिघे बोगद्यात बसायला येत आणि सिनेमा, गेम आणि बोगदा यांची ताळा करावा तशी तुलना करीत.

"पिक्चरमध्ये तो डाव्या हातानं दोर तोडतो. इथं उजव्यानं," टेलर म्हणे.

"तू डब्यात उलटा बसला असशील, भो," औषधवाला म्हणे. "मापं घेताना पण तुझं डावं-उजवं असंच होतं. माझ्या पँटीला अजून खिसा सापडत नाही."

"हसा. पण गेममध्ये तर तो दोर तोडतच नाही, नुसता बर्फ फेकतो."

"गेममध्ये निदान मरतो तरी," चष्मेवाला म्हणे. "इथं मरतच नाही. शेवट नसेल तर तिकीट काढून बघायचं काय? परदेशात म्हणे पिक्चरवर अख्खी बाग असते. तिथं बर्फ खरा आणि जनावर रोज मरतं."

"मालकाला सांग की."

"सांगितलं. तो म्हणतो, एकदा मारला तर मागच्या डब्याला काय दाखवू?"

"आणि त्याचं मुंडकं डुलतं, भो," टेलर म्हणे. "मशीन जुनी दिसते. कुठून तरी भंगारातून आणलीय."

यावर भाऊ मान खाली घालून भाकरी खाई आणि मला कोपराने ढोसी. त्याला राग येत नसे. आपल्या कामाची इतकी बारीक चर्चा त्याने आयुष्यात प्रथमच ऐकली होती.

मुंडके डुलण्याची तक्रार मात्र मालकाच्या कानांवर गेली. दुसऱ्या दिवसापासून मेळा उघडण्याआधी मुखवटा मानेमागे नायलॉनच्या दोरीने बांधण्यात येऊ लागला. मुखवटा डुलायचा थांबला. मधल्या वेळात तो उचलताही येईनासा झाला. भावाने मला हे सांगितले तेव्हा त्याच्या गळ्याभोवती लाल वळ होता. मी म्हटले, मालकाला सांग. तो म्हणाला, "आते डुलस नही, अक्का. त्या पोऱ्यास्नी बी कबूल करं." तिघांनीही ते कबूल केले होते आणि तो त्यातच खूश होता.

सकाळी आमच्या अंगणात तो मरण्याची तालीम करू लागला. मालकाची परवानगी नव्हती, पण मेळ्याच्या शेवटच्या दिवशी तरी ती मिळेल अशी त्याला आशा होती. गोधडी अंथरायची, तिच्याकडे पाठ करून उभे राहायचे, दोन्ही हात पसरायचे आणि सरळ मागे पडायचे. "देख अक्का, पिक्चरमा तो असाच पडस," तो म्हणे. मी शाळेची तयारी करता करता पाहत असे. पडणे दर वेळी तसेच असे, मागे, हात पसरून.

त्या संध्याकाळी मी पोहोचले तेव्हा मेळा उघडला होता. घरी नळाला पाणी उशिरा आले म्हणून मला उशीर झाला होता. मी डबा मांडीवर घेऊन बाकावर बसले. आतून डरकाळी ऐकू आली. थोड्या वेळाने शिट्ट्या आणि टाळ्या. डबा बोगद्यातून बाहेर आला, त्यात ते तिघे होते.

"मारला भो, शेवटी मारला! आपला डबा पुढं गेल्यावर, मागं रुळांवर पाडला!" टेलर उडी मारून उतरला.

"ऐकलं मालकानं आपलं!" औषधवाला म्हणाला.

"बाकी एक नंबर," चष्मेवाला म्हणाला. "पण मरायच्या आधी डोकं खाजवलं. हात असा मागे नेला. ते पिक्चरमध्ये नाही."

औषधवाला परत खिडकीकडे धावला आणि त्याने आणखी तीन तिकिटे घेतली.

मागचा डबा मात्र बाहेर आला नाही. साखळी थांबली. आत बसलेल्या माणसांना वाटले, हाही खेळाचाच भाग असावा. डब्यातील एक लहान मूल पडलेल्या हिममानवाला उठवण्यासाठी त्याच्यावर भुईमुगाची टरफले टाकत होते, असे नंतर कळले. मालक ओरडत आत धावला आणि त्याच्यामागे मी. भाऊ रुळांवर आडवा, पालथा पडला होता. मुखवट्यासकट कपाळ रुळावर आपटलेले होते. डावा हात अंगाखाली होता. उजवा मानेमागे वळलेला होता आणि अंगठा नायलॉनच्या दोरीत अडकलेला होता. गाठ घामाने इतकी घट्ट झाली होती की मला ती दातांनी सोडवावी लागली.

त्याला बाहेर आणले तेव्हा ते तिघे तिकिटे हातांत धरून उभे होते. मुखवटा काढलेला होता. बाकावर रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला त्यांनी ओळखले.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो गेला होता. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला मार आहे. अंगही भयंकर तापलेलं आहे. यातलं आधी कोणतं, ते मी सांगू शकत नाही." मालकाने मात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात सर्वांदेखत सांगितले, "बाई, मी नाही म्हटलं होतं. पडायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यानं हौसेनं केलं आणि डोकं आपटून घेतलं." हे वाक्य माझ्या आधी गावी पोहोचले. मी आईसमोर बसले तेव्हा तिने एवढेच विचारले, "सांग माय, त्यानी सोंग करं का तो खरंच पडना?"

मला माहीत नाही, असे मी सांगितले. त्या वेळी ते खरे होते. मालकाचे खरे असेल तर माझा भाऊ स्वतःच्या हौसेने मेला आणि त्या बोगद्यात, त्या पोशाखात, त्या दोरीत काही दोष नव्हता. गावातले लोक तसे म्हणूही लागले होते, आणि आईला ते रोज विहिरीवर ऐकावे लागत होते.

उन्हाळ्याची सुट्टी संपण्यापूर्वी मी व्हिडिओ गेमच्या दुकानात गेले. तिघे मला पाहून उभे राहिले. मी त्यांना दोष द्यायला आलेली नाही, असे आधी सांगितले. मग प्रत्येकाला वेगळे बाहेर बोलावून, तोंडी परीक्षेत विचारतात तसे, एकच विचारले: तो कसा पडला? टेलर म्हणाला, दोन्ही गुडघे टेकून. औषधवाला म्हणाला, उजवा गुडघा आधी. चष्मेवाला म्हणाला, गुडघ्यांवर येऊन मग पुढे. "आणि सिनेमात?" मी विचारले. तिघेही म्हणाले, "तसाच, मॅडम." हात मागे गेला होता, यावरही तिघांचे एकमत होते. तेवढे मात्र सिनेमात नव्हते, असे प्रत्येकाने आपणहून सांगितले.

मी चष्मेवाल्याला गेमचा शेवट दाखवायला सांगितले. त्याने यंत्रात नाणे टाकले. तो दोनदा हरला. तिसऱ्यांदा शेवट आला. पडद्यावरच्या हिममानवाने गुडघे टेकले, तो लुकलुकला आणि नाहीसा झाला.

उरला सिनेमा. त्याची कॅसेट धुळ्याच्या एका व्हिडिओ लायब्ररीत मिळाली आणि मी ती एका सहशिक्षिकेच्या घरी पाहिली. सिनेमातला हिममानव गुडघे टेकतच नाही. तो दोन्ही हात पसरतो आणि सरळ मागे, बर्फाच्या भेगेत पडतो. भाऊ अंगणात गोधडीवर पडत असे, अगदी तसाच.

आता सिनेमा, गेम आणि बोगदा हे तीन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. त्या तरुणांना आठवणारे गुडघे गेममधले होते. सिनेमातही तेच होते, असा त्यांचा प्रामाणिक समज झाला होता. ते खोटे बोलत नव्हते. एकच गोष्ट वारंवार खेळल्याने आणि पाहिल्याने तिची रूपे एकमेकांत मिसळतात, मुलांच्या उत्तरपत्रिकांत दोन धड्यांची उत्तरे मिसळतात तशी. म्हणून त्यांच्या सांगण्यातले जे सिनेमात किंवा गेममध्ये सापडते ते बाजूला ठेवावे लागते. दोहोंतही नाही असे जे उरते, ते त्यांनी बोगद्यातच पाहिलेले असणार. तिघांच्याही सांगण्यातून उरतो तो फक्त मानेमागे गेलेला हात.

सोंग करायचे असते तर भाऊ मागे पडला असता. रोज चार खेळ पाहिलेला माणूस शेवट चुकणार नाही, आणि चुकण्याची त्याला लाज वाटली असती. त्याच्या मागे रुईचा मऊ ढीग होता आणि पुढे रूळ होते. तो पुढे पडला, कारण पडणे त्याच्या हातात राहिले नव्हते. त्याआधी जे हातात होते ते त्याने केले. त्याने गाठ शोधली. चाहत्यांना ते डोके खाजवणे वाटले.

मी गावी जाऊन आईला सांगितले की तो खरंच पडला, त्याने सोंग केले नव्हते. तिने मान हलवली. ती म्हणाली, "मंग त्या टाळ्या कसान्या व्हत्यात?" मी तिला बोगदा, निळा उजेड, गेम, सगळे समजावून सांगितले. सांगताना माझ्या लक्षात आले की ती ऐकत नाही. ती त्यानंतर गावातल्या कोणत्याही जत्रेला गेली नाही. कीर्तनात टाळ्या सुरू झाल्या की उठून घरी येई.

मालक आजही म्हणू शकेल की हात मागे नेणे हाही त्या हौशी माणसाने स्वतः जोडलेला अभिनय होता. बहिणीचे म्हणणे बहिणीचेच असते, हे मला मान्य आहे. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की माझ्या शब्दावर विसंबू नका. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सांगून, त्याच्या चेहऱ्यावर नाक-तोंड मोकळे राहील असे सैल फडके बांधा आणि गाठ मानेमागे मारा. त्याला थोडा वेळ उभे करा आणि काही न सुचवता फक्त "काढ" म्हणा. समोर बसून त्याचा हात कुठे जातो ते स्वतः पाहा.