देवीचं जेवण

नातींना वाटतं, आजी पहिल्यापासून शहाणी. छे! ब्राह्मणपुरीत नवी सून होते तेव्हा माझ्या पर्सलासुद्धा जीपमध्ये वेगळी जागा लागायची. देवमोगरा मातेच्या यात्रेला निघालो, तर अक्कलकुव्याला एक बाई आली. डोक्यावर बांबूची नवी टोपली, टोपलीत नवी ज्वारी.

ड्रायव्हर म्हणाला, "टोपली टपावर टाक, नाहीतर राहा इथंच."

"देवीनं जेवन शे ते. तू तुन्ही मायनं ताट टपवर ठेवस का रे?"

सगळी जीप हसली. मी मुकाट्यानं पर्स मांडीवर घेतली. ती मान वाकवून, दोन्ही हातांनी टोपली सावरत बसली. दोन वर्षं करपलेलं शेत यंदा पिकलं होतं, तिनंच सांगितलं. पण देवीला वाहिल्याशिवाय घरात नव्या दाण्याची भाकर होत नाही. नातवंडं खोळंबली होती.

मी अक्कल पाजळली. "दुष्काळात देवीनंच कोठार उघडून लोकांना जगवलं ना? मग तिलाच धान्य कशाला?"

"समदासले ती खावाडस. मंग तिले कोन इचारस, बाई, तू जेवनी का?"

नवरा खिडकीबाहेर बघून हसत होता.

देवीपुढं तिनं टोपली रिती केली आणि त्यातलीच मूठभर ज्वारी बियाण्यात मिसळायला पदरात बांधली. परतताना फाट्यावर उतरली आणि माझ्या सासूच्या वयाची ती बाई पाड्याच्या वाटेनं चक्क पळत सुटली. लांबूनच घराला हाक घालत होती, "दळाले बसा वं, दळाले बसा!"