चौगुले साहेबांची न पाहता केलेली सही

वाहून गेलेल्या रस्त्यावर आले की चौगुले साहेब आधी कुणाशी बोलत नसत. जीपमधून उतरायचे, बूट-मोजे काढून बॉनेटवर ठेवायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि थेट ओढ्यात उतरायचे. काठावर सरपंच, सदस्य आणि आम्ही ठेकेदार ताटकळत उभे, आणि हे खाली वाकून रस्त्याखालच्या मोरीच्या पोटात बघतायत. वर आले की पाय झटकत म्हणायचे, "रस्ता वरनं मोडत न्हाई गड्या, खालनं मोडतो. वर नुसतं दिसतं."

ते मूळचे सांगलीकडचे, कृष्णाकाठच्या जैन शेतकरी घरातले. बांधकाम खात्यात शाखा अभियंता. निम्म्याहून जास्त नोकरी मात्र मेढ्याच्या वरच्या डोंगरात गेली, जिथे दर पावसाळ्यात काही ना काही तुटतंच. सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम होता, त्यामुळे पाच-साडेपाचला जिथे असतील तिथे डबा उघडायचे. आम्ही ठेकेदार मंडळी साहेबलोकांना धाब्यावर नेऊन कामं उरकणारी. या माणसाला नेणार कुठे आणि कधी?

मी शिरवळला कारखान्यांच्या बांधकामांवर घमेली उचलून सुरुवात केली. आज माझा जेसीबी आहे, दोन डंपर आहेत, सरकारी नोंदणी आहे. कुणी हाताला धरून वर आणलेलं नाही. भाव करण्यात मी कुणाला हार जात नाही आणि माझं डोकं लवकर तापतं, हे दोन्ही तालुक्याला माहीत आहे. साहेबांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. मी रस्त्याच्या कडेला मुरूम टाकला होता. त्यांनी ताज्या भरावात खड्डा मारायला लावला, मापाची पट्टी खाली सोडली आणि थर चार बोटं कमी निघाला. मी तिथेच शिव्या द्यायला लागलो. ते शांतपणे पट्टी गुंडाळत म्हणाले, "शंकर, शिव्या मोजमापात धरत न्हाईत. मुरूम असंल तर बोल."

मजूर हसले. मला ते हसणं पुष्कळ दिवस पुरलं. पण पुढे दहा-बारा वर्षं त्यांच्या हाताखाली कामं केली आणि एक कळलं, की हा माणूस जसा माझा मुरूम कापतो तसा कुणाचाही कापतो. त्यांचं ठरलेलं बोलणं होतं, "डोळ्यानं बघितल्याबिगर माझ्या पेनाचं टोपण निघत न्हाई." आणि ते खरंच निघत नसे. आमदारांचा माणूस आला तरी नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी एका रात्रीत डोंगर अंगावर आल्यासारखा पाऊस झाला. मेढ्याच्या वरच्या अंगाला तीन वाड्या आहेत, त्यांना जोडणारा रस्ता एकच. त्यावरची जुनी मोरी आणि तिच्या दोन्ही बाजूंचा रस्ता ओढ्याने उचलून नेला. वाड्या तुटल्या. दूध जाईना, आजारी माणूस खाली आणता येईना.

अशा वेळी पैसा कुठून येतो हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. तीन वाड्यांच्या घरपट्टीत मोरीचा एक सिमेंटचा नळासुद्धा येत नाही. ग्रामपंचायतीने हात वर केले की उरतो तो सरकारचा अतिवृष्टीचा निधी. पण तो असा मिळत नाही. आधी पंचनामा, म्हणजे काय, कुठे, किती रुंद तुटलं याची जागेवर जाऊन केलेली नोंद. सोबत मोडलेल्या रस्त्याचे फोटो. मग ठरलेल्या तारखेच्या आत नुकसानीच्या यादीत नाव. यादीतून सुटलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत, किंवा त्याच्याही पुढच्या, वाट बघायची.

मी जेसीबी घेऊन सकाळीच पोचलो. सरपंच हौसाबाई कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. "आवं, बघताय काय? टाका की माती! माझी एक बाई बाळंतपणाला आलीया. तिला काय पाठकुळी न्यायची?" साहेब घाटाच्या पलीकडे अडकले होते, तिकडचाही रस्ता गेला होता. मी त्यांना फोन लावला. रेंज तुटत होती, पण एवढं स्वच्छ ऐकू आलं: "भराव टाक, मी न्हाई म्हणत न्हाई. पण आधी फोटो काढ. पट्टी धरून, दोन्ही कडंनं. फोटो काढल्याबिगर एक घमेलं टाकू नगंस."

फोन माझ्या हातातच होता. फोटोला किती वेळ लागतो?

मी काढला नाही. ऑपरेटरला हात केला आणि भराव सुरू झाला. दुपारी ती बाई जीपमधून खाली गेली. लोकांनी मला नारळ दिला.

चौथ्या दिवशी साहेब आले. बूट काढले, पण उतरायला खड्डा राहिलाच नव्हता, सगळीकडे माझा मुरूम. त्यांनी विचारलं, "फोटो?"

"इसरलो साहेब. गडबडीत डोक्यातनंच गेलं."

"किती फुटला हुता?"

"बारा मीटर."

त्यांनी पट्टी काढली. भरावाच्या एका टोकाला गेले, जुन्या डांबराची तुटलेली कड नखाने उकरून बघितली. मग दुसऱ्या टोकाला. पट्टी लावली. "साडेआठ," म्हणाले. मी आवाज चढवला. पावसात भिजत काम केलं, पदरचं डिझेल जाळलं, बाळंतीण वाचवली, आणि साहेब इंच मोजतात! हौसाबाई मध्ये पडल्या. "आवं साहेब, बारा का साडेआठ ते तुमचं तुमी बघा. आमचं नाव यादीत जाणार का न्हाई ते सांगा. ह्यो मुरूम पुढल्या आखाडात ऱ्हातोय व्हय?"

मुरूम राहणार नव्हता. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. पक्की मोरी झाली नाही तर वर्षाने वाड्या पुन्हा तुटणार, आणि निधीच्या नियमात बुजवलेला खड्डा म्हणजे न झालेलं नुकसान. फोटो नसतील तर अभियंत्याला कागदावर "प्रत्यक्ष पाहिले" असं लिहावं लागतं. साहेबांनी पाहिला होता तो माझा भराव.

ते जीपच्या पायरीवर बसले. मग टोपण काढलं आणि लिहिलं, साडेआठ मीटर, प्रत्यक्ष पाहिले. सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज पयल्यांदा न बघितलेलं लिवलं. लय वंगाळ वाटतंय."

वाड्या यादीत गेल्या. वर्षाच्या आत निधी आला आणि पक्क्या मोरीची निविदा निघाली. ती फलटणच्या एका ठेकेदाराने माझ्यापेक्षा कमी दर भरून उचलली. माझ्या भरावाचं बिल साडेआठ मीटरप्रमाणे, तेही हप्त्यांनी, वर्ष उलटलं तरी निम्मं बाकी. मी जिथे जाईन तिथे साहेबांच्या नावाने ओरडत होतो. रस्ता मी चालू केला, मोरी दुसऱ्याला, आणि माझे साडेतीन मीटर या माणसाने खाल्ले. खरं सांगतो, आजही मोरीच्या कामाचं आठवलं की तोंडातून शिवी निघते.

एके दिवशी रागाच्या भरात मी अर्ज दिला. चौगुले साहेब येण्यापूर्वीच भराव झाला होता, त्यांनी न पाहता पंचनामा केला, चौकशी व्हावी. माझ्या लेखी तो सौदा होता. पाचशे सांगायचे, तीनशेवर यायचं. अर्जाने साहेब हलतील, बिल सुटेल, मग अर्ज मागे घेऊ. आयुष्यभर मी असंच करत आलो होतो.

साहेबांच्या निवृत्तीला चार महिने होते, हे मला माहीत होतं. म्हणून तर तो महिना निवडला होता.

बिल सुटलं नाही. चौकशी लागली, आणि निवृत्तीनंतर त्यांचं पेन्शन अडकलं. मी अर्ज मागे घ्यायला धावलो, तर कारकून हसला. "अर्ज तुमी मागं घ्या की. चौकशी कुठनं मागं घ्यायची? ती आता आमची झाली."

साहेबांनी चौकशीत पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं की आपण प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. कुणामुळे पाहायला मिळालं नाही, हे सांगितलं नव्हतं. ते सांगू शकणारा मी एकटाच. साहेबांनी फोनवर बजावलं होतं आणि मी जाणूनबुजून पुरावा बुजवला, असं लिहून दिलं तर ठपका त्यांच्यावरून उतरून माझ्यावर येणार होता. माझं नाव काळ्या यादीत जाणार होतं.

मी जबाब लिहिला आणि तो घेऊन सांगलीला त्यांच्या घरी गेलो. ते घराच्या पुढच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होते. पाच वाजून गेले होते, वहिनींनी त्यांचं ताट वाढायला घेतलं होतं. मला बघून त्यांनी आत हाक मारली, "आणि एक ताट वाढ गं." जेवण झाल्यावर त्यांनी चष्मा लावून जबाब वाचला. दोनदा वाचला.

"'गडबडीत फोटो काढायचे विसरलो' असं लिवलंयस."

"व्हय साहेब."

"इसरला न्हवतास." आवाज अजिबात चढला नाही. "फोटोत पट्टी दिसली असती. मग बारा म्हणता आलं नसतं. मला त्याच दिवशी कळलं हुतं, शंकर."

मी म्हणालो, "तुमीच सांगा साहेब, काय लिवू?"

"दुसऱ्याच्या कागदावर मी पेन चालवत न्हाई. तुझं तू बघ." त्यांनी कागद घडी करून परत दिला. उरलेल्या शेंगा माझ्यासाठी पिशवीत भरल्या आणि म्हणाले, "जा आता. कराडापातूर अंधार व्हईल."

कराड गेलं, उंब्रज गेलं. गाडीत कोरे कागद होते, पेन होतं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जबाब दिला तो तोच, विसरलो म्हणणारा. माझ्याकडे पंधरा माणसं कामाला आहेत, नोंदणी गेली तर त्यांनी काय करायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पंधरा माणसं खरी होती. कारण ते नव्हतं.

चौकशीत दोघांकडूनही निष्काळजीपणा झाल्याचं ठरलं. मला ताकीद मिळाली, साहेबांच्या पेन्शनला कायमची कात्री लागली आणि सेवापुस्तकात शेरा बसला. माझ्या जबाबामुळे फक्त एवढं झालं, की त्यांचा हेतू वाईट नव्हता असं वरच्यांनी मानलं आणि अडकलेलं पेन्शन सुरू झालं. पुढे मी दोनदा फोन केला. मोरी कशी झाली, कडेच्या भिंतीला पाणी निघून जायला भोकं ठेवलीत का, हे त्यांनी विचारलं. जबाबाचं काढलं नाही.

गेल्या वर्षी ते गेले. कळलं तेव्हा चार दिवस झाले होते. मी सांगलीला गेलो. घर माणसांनी भरलेलं होतं. वहिनींनी मला ओळखलं, पुढे बोलावून बसवलं आणि भोवतालच्यांना सांगू लागल्या, "ह्येच ते शंकरराव. साहेबांवर बालंट आलं तवा खात्यातली सगळी बाजूला झाली. ह्येंनी येऊन जबाब दिला. म्हणून पेन्शन तरी चालू झाली."

म्हणजे साहेबांनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. अर्ज कुणी दिला हेही नाही.

मी तोंड उघडलं. "वहिनी, साहेबांचे माझ्यावर लय उपकार हायत," म्हणालो. ते खरं होतं, आणि तेवढंच बोललो. त्यांची मुलगी आतून आली. आईने तिला सांगितलं, "पाया पड बाई ह्येंच्या." ती डोळे पुसत वाकली.

मी पाय मागे घेतले नाहीत.