चेअरमनसाहेब आणि हवेचा स्क्रू

दुष्काळात दूध आटलं, पण दूध सोसायटीचे संचालक काही आटले नाहीत. आष्टीच्या पुढच्या एका गावात मी त्या सोसायटीची गुरांची डॉक्टर होते. सकाळी जेमतेम कॅनभर दूध जमायचं, ते मोजायला कितीसा वेळ लागणार? उरलेला सगळा दिवस चेअरमनसाहेब आणि संचालक ऑफिसच्या ओट्यावर बसून काढायचे. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, गुरं चारा छावणीत, विहिरी कोरड्या. करण्यासारखं काही नव्हतं आणि ते न करायला माणसं रीतसर निवडून आलेली होती.

छावणीला जाणारी जवळची वाट दगडगोट्यांतून आणि पुढे कोरड्या तलावाच्या पोटातून होती. तिथे साधी गाडी टिकेना, म्हणून मी नगरच्या एका हौशी पोराकडून डोंगरदऱ्यांत उडवायची मोटारसायकल घेतली. त्यानं पहिल्याच उडीत गळ्याचं हाड मोडून घेतलं होतं आणि त्याच्या आईनं गाडी विकायला काढली होती. उंच, टायरांना हे मोठे दात. गावानं तिचं नाव ‘घोडं’ ठेवलं. बाईमाणसानं घोड्यावर बसावं हे ओट्याला पसंत नव्हतं. मात्र छावणीत कुणाची गाय फुगली की हीच मंडळी विचारायची, “घोडं कुठं गेलं?”

ऐन उन्हाळ्यात धूळ खाऊन गाडी रुसली. रेस दिली की अडखळायची, सोडली की बंद पडायची. सोसायटीच्या अंगणात पोतं अंथरून मी कार्बोरेटर खोलला. शाळेच्या सुट्ट्या भावाच्या गॅरेजात गेल्यामुळे एवढं मला येत होतं. गंमत अशी, की अंगणात मी एकटी काम करत होते आणि दमत होता सगळा ओटा.

“म्याडम, कचरा अडकला असंल,” व्हाइस चेअरमन म्हणाले.

“तोच काढतेय.”

“आधी स्क्रू फिरवा की.”

“पेट्रोल येतं ते जेटचं भोक साफ झाल्याशिवाय स्क्रू फिरवून काय उपयोग?”

चेअरमनसाहेब खाली उतरले. “ह्यो स्क्रू कशाचा हाय?”

“हवेचा. पेट्रोलमध्ये हवा किती मिसळायची ते यानं ठरतं.”

“हवा कावून पायजे? हितं हवेशिवाय दुसरं काय हाय?”

साहेबांचं वाक्य संपायच्या आधीच संचालक हसले. ती सवय त्यांना निवडून यायच्या आधीपासूनची.

कार्बोरेटर जोडून झाला तेवढ्यात शेजारच्या आळीतून वासरू बघायला बोलावणं आलं. मी परत आले तोवर प्रत्येक संचालकानं स्क्रूला एकेक पीळ दिलेला होता. आपलं मत नोंदवल्याशिवाय उठणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गाडी चालू केली तर दमेकऱ्यासारखी खोकली.

संध्याकाळी ओटा रिकामा झाल्यावर मी ती पुन्हा सुरात लावली. इंजिन गरम होऊ दिलं. स्क्रू हलक्या हातानं पार बंद केला आणि मग थोडाथोडा सोडत कान देऊन ऐकलं. आवाज चढत जातो, एका जागी मोकळा होतो, त्याच्या पुढे पुन्हा पातळ पडतो. मोकळा झाला तिथे थांबायचं आणि मग स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग, कमी करायचा. कुणी सल्ला देत नसेल तर फार सोपं काम आहे.

दोन दिवसांनी छावणी बघायला एक मोठे नेते येणार होते. चेअरमनसाहेब पांढरेशुभ्र कपडे घालून, हातात झेंडूचा हार घेऊन वेशीत उभे. आणि निरोप आला, की नेत्यांच्या गाड्या दुसऱ्या रस्त्यानं परस्पर छावणीत गेल्या. साहेबांची जीप तर पेढे आणायला आष्टीला गेलेली.

“म्याडम, चावी द्या.”

“मलाही तिकडेच जायचंय. मागे बसा, सोडते.”

“सायबांपुढं बाईच्या मागं बसून जाऊ?” ते खरोखरच घाबरले. चावी घेतली आणि माझ्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हरही घेतला. “लई पेट्रोल पिती म्हनं ही. हवा बंद केली की वाचंल.”

“साहेब, उलटं होतं! हवा बंद केली की पेट्रोल जास्त जातं, प्लग काळा पडेल.”

“म्याडम,” स्क्रू कचकचून आवळत ते म्हणाले, “तीन टर्म चेअरमन हाय मी.”

स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या हातात परत ठेवला. गाडी काळा धूर ओकत निघाली, आणि मी औषधांची पिशवी खांद्याला लावून पायी.

तलावाच्या मधोमध भेगाळलेल्या गाळात गाडी आडवी पडलेली दिसली. आसपास झेंडूच्या पाकळ्या, साहेबांचा पत्ता नाही. छावणीला पाणी नेणाऱ्या टँकरच्या चाकांची ताजी ओळ पुढे गेलेली. मी प्लग काढला. काळाकुट्ट आणि ओला. फडक्यानं पुसला, स्क्रू सोडला, किका मारून मारून घाम निघाला तेव्हा गाडी सुरू झाली. त्या उघड्या तळात मी एकटीच तिचा आवाज ऐकत उभी होते. राग इतका होता, की आवाज मोकळा झालेला मला आधी कळलाच नाही.

छावणीत पोचले तर नेत्यांचं भाषण चालू होतं आणि शेजारी चेअरमनसाहेब, धुळीनं माखलेले, हात कोपरापर्यंत काळे.

“असा चेअरमन पाहिजे!” नेते सांगत होते. “आम्ही यायच्या वेळी हा माणूस स्वतः टँकरवर बसून पाणी घेऊन येतो. बघा, बघा हे हात!” त्यांनी साहेबांचा काळा हात धरून वर केला. “हे कष्टाचे हात आहेत!”

टाळ्या पडल्या. साहेबांनी मान खाली घातली. विनय त्यांना पटकन जमायचा.

माझ्या शेजारी एक म्हातारी गाईचं दावं धरून उभी होती. पोरगा-सून ऊस तोडायला गेलेले, छावणीत ती आणि गाय. तिनं टाळी वाजवली नाही.

“आज आला टँकर,” ती म्हणाली. “परवापासून गेलता कुठं, देव जाणे. ह्या मोठ्या सायबाला म्हनावं रोज ये.”

संध्याकाळी चेअरमनसाहेब मला म्हणाले, “म्याडम, तुमच्या गाडीत दम न्हाई. बदला ती.”

“साहेब, हवा बंद केल्यावर…”

“त्येच म्हन्तो मी. हवा बंद केली तर चालंना, असली कसली गाडी?”

नेते गेले आणि टँकर पुन्हा यायचा थांबला. सोसायटीत दुधाचे रिकामे कॅन ढिगानं पडले होते. मी त्यांतले दोन गाडीला दोन्ही बाजूंनी बांधले, वाटेतल्या मळ्यातल्या बोअरवर भरले आणि आजारी गुरांपुरतं पाणी नेऊ लागले. ओझ्यानं गाडी जड चाले, पण चाले. तहानेनं खाली बसलेल्या म्हातारीच्या गाईला उठून उभं राहायला तेवढं पुरलं.

चेअरमनसाहेबांनी ते एकदा पाहिलं. “कॅन सोसायटीची मालमत्ता हाय,” ते गंभीरपणे म्हणाले. “असं नेता येत न्हाई. ठराव घ्यावा लागंल.”

ठरावासाठी बैठक बसली, पण तीत नेत्यांच्या कौतुकाबद्दल साहेबांचा सत्कारच इतका लांबला, की कॅनचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक कोरमअभावी तहकूब झाली. तोवर मी पाणी नेत राहिले.